झेंडूवर वापरलेली तीन संजीवके आणि एक खुडणी: वीस गुंठ्यांतील अनुभव

तासगाव तालुक्यात जिबरेलिक आम्ल म्हणजे पिकाची वाढ घडवणारे संजीवक, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचा घड पोपटी रंगावर आला की घरोघरी ‘जीए’च्या पुड्या निघतात आणि दहा पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग) करायचे की पंधरा, यावर पारावर चर्चा रंगते. त्यामुळे २०२४ च्या पावसाळ्यात बागेशेजारच्या वीस गुंठ्यांत झेंडू लावताना हेच संजीवक फुलासाठीही वापरून पाहावे, असे मनात आले. त्यासाठी मी तीन वस्तू विकत घेतल्या: जिबरेलिक आम्लाची पावडर, त्याच आम्लाचे बाटलीत मिळणारे तयार द्रावण आणि झाडाची वाढ आवरणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला आपल्याकडे सीसीसी म्हणतात. या तिन्हींचा एका हंगामातील अनुभव येथे लिहीत आहे. शेंडा खुडणे ही चौथी गोष्ट दुकानात मिळत नाही. परंतु तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या तिन्हींची खरी किंमत कळत नाही, म्हणून तिच्याबद्दलही सविस्तर लिहावे लागेल.

लागवड २६ जुलैला केली. चार फुटांवर सरी, दोन रोपांत दीड फूट अंतर आणि प्रत्येक सरीला ठिबकची एक नळी, अशा तीस ओळी पडल्या व प्रत्येक ओळीत १२० रोपे बसली. वाण आफ्रिकन झेंडूचे, भगव्या फुलाचे, संकरित. रोपे प्रोट्रेमधील, बावीस दिवसांची होती आणि बहुतेक सारखी व निरोगी होती. फक्त दोन ट्रे उंचाळलेले निघाले. रोपवाटिकेत दाटी झाली किंवा उजेड कमी पडला की रोप उंच जाते आणि बुंधा काडीसारखा राहतो, तसे ते होते. त्यांचे पैसे वळते करून मिळाले नाहीत, याचे वाईट वाटले. ती रोपे कडेच्या दोन ओळींत लावून मोजमापातून वगळली.

उरलेल्या अठ्ठावीस ओळींपैकी सहा ओळी मी न खुडता तशाच ठेवल्या आणि बावीस ओळींचा शेंडा खुडला. त्या बावीसपैकी चार ओळींवर पावडरीचे द्रावण, चार ओळींवर बाटलीतील द्रावण आणि चार ओळींवर सीसीसी फवारले. दहा ओळी नुसत्या खुडलेल्या राहिल्या. खत, पाणी, कीडनाशक सर्व ओळींना सारखेच दिले. हा काही विद्यापीठाचा प्रयोग नव्हे, परंतु एकाच जमिनीत, एकाच पावसात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या ओळी रोज डोळ्यांसमोर असल्या की फरक लपून राहत नाही.

खुडणी २२ ऑगस्टला, म्हणजे लागवडीनंतर सत्ताविसाव्या दिवशी केली. त्या वेळी रोपांवर पानांच्या सहा-सात जोड्या होत्या आणि शेंड्यात कळी दिसू लागलेली नव्हती. कामाला दोन मावशी होत्या, दोघीही द्राक्षबागेत मुरलेल्या. त्यांतील थोरल्या मावशींनी पहिल्या ओळीतच हात थांबवून विचारले, “दादा, एवढं चांगलं आलेलं रोप, त्याचा शेंडा मोडायचा व्हय?” मी म्हटले, “मावशी, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बगलेतून सबकेन फुटावी म्हणून काडीचा शेंडा मारता ना, तसंच समजा.” “मग आधी तसं सांगायचं की,” असे म्हणून त्यांनी जो हात चालवला, तो संध्याकाळपर्यंत. अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांत वरची दोन बोटे कोवळी काडी धरून बाजूला मोडायची, ओढायची नाही. ओढली तर साल खालपर्यंत सोलली जाते. बोटे दुपारपर्यंत काळपट हिरवी होतात आणि झेंडूच्या पाल्याचा तो उग्र वास साबणानेही लवकर जात नाही. दोघींनी मिळून एका दिवसात कडेच्या ओळींसह चोवीस ओळी, म्हणजे २,८८० रोपे, खुडून काढली. हजेरी ३०० रुपये, म्हणजे एकूण खर्च ६०० रुपये.

शेंडा खुडल्यावर नेमके काय होते, हे द्राक्षवाल्यांना हाताने ठाऊक असते. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन तयार होते, ते खोडातून खाली उतरते आणि त्याच्या अमलाखाली पानांच्या बगलेतील डोळे निजलेले राहतात. शेंडा गेला की तो अंमल संपतो आणि बगलफूट सुरू होते. पाचव्या दिवशी प्रत्येक पानाच्या देठापाशी मोहरीएवढे हिरवे टोक दिसले, दहाव्या दिवशी त्याला दोन-दोन पाने आली. सप्टेंबरच्या मध्यावर मी प्रत्येक गटातील दहा झाडांच्या फांद्या मोजल्या. न खुडलेल्या झाडांवर सरासरी आठ, तर नुसत्या खुडलेल्या झाडांवर तेरा फांद्या भरल्या. न खुडलेले झाड मधल्या दांड्यावर उंच जाऊन शेंड्याला पहिले मोठे फूल देते. खुडलेले झाड बुटके, रुंद आणि टोपलीसारखे होते व फुले सर्व बाजूंनी जवळजवळ एकाच वेळी काढणीला येतात, त्यामुळे तोडाही सोपा जातो.

खुडणीचा ठपका म्हणून सगळे सांगतात तो म्हणजे उशीर. तो खरा आहे. न खुडलेल्या ओळींचा पहिला तोडा २४ सप्टेंबरला झाला आणि नुसत्या खुडलेल्या ओळींचा ५ ऑक्टोबरला, म्हणजे अकरा दिवसांनी. मात्र हा उशीर कोणत्या दिवसांत पडतो, याकडे लक्ष दिले पाहिजे, कारण त्या वर्षी २४ सप्टेंबरला पितृपक्ष चालू होता. पंधरवड्यात फुलांना उठाव नसतो, हे झेंडू लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. न खुडलेल्या ओळींची पहिली, सर्वांत टपोरी फुले मी मिरजेला पडत्या भावात दिली. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि दसरा १२ ऑक्टोबरला. खुडलेल्या ओळींचा पहिला तोडा नवरात्रात आणि दुसरा भरघोस तोडा खंडेनवमीच्या तोंडावर मिळाला. जो उशीर तोटा समजला जातो, तोच या वर्षी कामाला आला. अर्थात गणपतीसाठी फुले हवी असतील आणि लागवड आधीच उशिरा झाली असेल, तर हेच अकरा दिवस सगळा बाजार चुकवतील. म्हणून खुडायचे की नाही हे रोप लावतानाच, सणाच्या तारखेवरून मागे मोजत ठरवले पाहिजे. कळी धरल्यानंतर खुडणे सर्वांत वाईट, कारण तेव्हा झाडाने कळीवर घातलेले बळही वाया जाते आणि उशीरही वाढतो.

आता विकत घेतलेल्या वस्तूंकडे येतो.

पावडर ही द्राक्षासाठी सर्वत्र मिळते तीच, एक ग्रॅमच्या बंद पुडीत, साधारण नव्वद टक्के शुद्धतेची. झेंडूवर झालेल्या प्रयोगांत जिबरेलिक आम्ल बहुधा १०० पीपीएम आणि त्याहून जास्त प्रमाणात वापरलेले आढळते. पोपटी घडावर दहा पीपीएम मारणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून धडकी भरते. परंतु द्राक्षाचा नाजूक घड आणि झेंडूचे सबंध झाड यांची तुलना करता येत नाही. मी सुमारे १०० पीपीएम ठरवले, म्हणजे १० लिटर पाण्याला १ ग्रॅम. चार ओळींतील ४८० झाडांना दर झाडी चाळीस मिली या हिशेबाने २० लिटर पाणी आणि दोन पुड्या लागल्या. फवारणी ३० ऑगस्टला, खुडणीनंतर आठव्या दिवशी, बगलफूट नुकतीच सुटलेली असताना संध्याकाळी केली.

ही पावडर पाण्यात थेट विरघळत नाही, हे नव्याने वापरणाऱ्यांसाठी आवर्जून लिहितो. माझ्या भाच्याने पहिली पुडी घाईत बादलीत सोडली आणि ती पाण्यावर पांढऱ्या कण्यांसारखी तरंगत राहिली. कितीही ढवळली तरी तळाशी आणि कडेला चिकटली. दुसरी पुडी आम्ही नीट केली: काचेच्या ग्लासात थोडे ॲसिटोन घेतले, त्यात पावडर हलवली, काही क्षणांत द्रावण नितळ झाले आणि मग ते पाण्यात ओतले. ग्लास काचेचाच घ्यावा, कारण चहाचे पातळ प्लास्टिकचे कप यातील काही ॲसिटोनने मऊ पडून चिरतात आणि औषध हातावर सांडते. पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-विम्ल निर्देशांक (पीएच), हाही पाहिला पाहिजे. आमच्या बोअरचे पाणी विम्लधर्मी आहे आणि अशा पाण्यात जिबरेलिक आम्ल टिकत नाही. द्राक्षासाठी आपण सायट्रिक आम्ल घालून सामू सहाच्या खाली आणतो, तेच झेंडूलाही करावे. फुकट गेलेल्या पहिल्या पुडीऐवजी नवी पुडी आणून मग फवारणी केली.

परिणाम स्पष्ट दिसला. पंधरा दिवसांत या ओळी शेजारच्या ओळींपेक्षा वीतभर उंच झाल्या, पाने फिकट व मोठी झाली आणि कळ्या लवकर धरल्या. पहिला तोडा १ ऑक्टोबरला मिळाला, म्हणजे खुडणीमुळे लागलेल्या अकरा दिवसांपैकी चार दिवस परत मिळाले. फूल टपोरे आणि देठ लांब होता. हंगामभर प्रत्येक गटातील एका ओळीची फुले मी वेगळी तोलून लिहून ठेवली. न खुडलेली ओळ ६६ किलोवर थांबली, नुसती खुडलेली ८४ किलोपर्यंत गेली आणि खुडून जीए मारलेली ९१ किलो भरली. म्हणजे ओळीमागे अठरा किलो नखाने मिळाले आणि सात किलो पुडीने. मी या पावडरीला चांगले म्हणतो ते या सात किलोंसाठी आणि त्या चार दिवसांसाठी. परंतु सबंध वीस गुंठ्यांना सुमारे दीडशे लिटर पाणी आणि पंधरा ग्रॅम पावडर लागली असती आणि तिला दोन मावशींच्या हजेरीपेक्षा बरेच जास्त पैसे पडले असते. शिवाय एक दोष असा की झाड उंच होऊन खोड बारीक राहते. ऑक्टोबरातील परतीच्या पावसात या चारही ओळी एका बाजूला कलल्या, त्यांना बांबू आणि सुतळीचा आधार द्यावा लागला. मोकळ्या, वाऱ्याच्या रानात ज्यांचा झेंडू आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी वस्तू तयार द्रावणाची बाटली. तिच्याबद्दल अधिक लिहिणार आहे, कारण दुकानात झेंडूवाल्याच्या हातात प्रथम हीच ठेवली जाते आणि पुष्कळ जण पावडर व बाटली एकच समजतात. बाटलीवर जिबरेलिक आम्लाचे प्रमाण ०.००१ टक्के असे स्वच्छ छापलेले असते. लपवलेले काही नाही. या आकड्याचा अर्थ मात्र थांबून पाहिला पाहिजे. ०.००१ टक्के म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजेच १० पीपीएम. बाटलीतील औषध एक थेंबही पाणी न घालता झाडावर ओतले, तरी ते १० पीपीएमच राहणार. दुकानदाराने मला पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिली सांगितले होते. त्या ३० मिलीत जिबरेलिक आम्ल ०.३ मिलिग्रॅम असते आणि पंधरा लिटर पाण्यात गेल्यावर त्याचे प्रमाण ०.०२ पीपीएम होते. पावडरीच्या ओळींवर मी १०० पीपीएम मारले होते. हा फरक सुमारे पाच हजार पटींचा आहे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर एक ग्रॅमच्या एका पुडीत जेवढे आम्ल आहे, तेवढे या बाटल्यांतून गोळा करायचे तर सुमारे ९० लिटर द्रावण विकत घ्यावे लागेल.

त्यामुळे शेतात जे दिसले त्याचे आश्चर्य वाटले नाही. बाटलीच्या चार ओळी नुसत्या खुडलेल्या ओळींपासून ओळखता येत नव्हत्या. उंची तीच, पहिल्या तोड्याची तारीख तीच आणि तोललेली ओळ ८३ किलोची. इतर पिकांवर, लेबलावर दिलेल्या प्रमाणात या द्रावणाचा काही उपयोग होत असेल, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. मी घेतलेल्या बाटलीवरील पिकांच्या यादीत झेंडूचे नाव नव्हते, ही गोष्टही विकत घेण्याआधी वाचायला हवी होती. झेंडूचे फूल मोठे करण्यासाठी किंवा तोडा लवकर आणण्यासाठी ही बाटली घेऊ नये, हे मात्र मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. संजीवकाचे पैसे त्यातील मिलिग्रॅमला द्यायचे असतात, बाटलीच्या आकाराला नव्हे. त्यामुळे टक्केवारी आणि पीपीएमचा हिशेब शाळेच्या वहीत मांडूनच दुकानाची पायरी चढावी.

दुकानाबद्दल दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. हंगामाच्या सुरुवातीला मी दोन बाटल्या घेतल्या होत्या. हिशेब मांडल्यावर न फोडलेली दुसरी बाटली घेऊन गेलो आणि वही दुकानदारासमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, स्वतः मोबाइलवर गुणाकार करून पाहिला आणि म्हणाले, “अण्णा, कंपनीचा माणूस सांगून जातो तेच आम्ही सांगतो, हा हिशेब कोणी मांडून दाखवला नव्हता.” बाटली परत घेतली, तिच्या पैशांत पावडरीच्या पुड्या दिल्या आणि ॲसिटोनची लहान बाटली वरून दिली. गावाकडचे दुकान असे असले की चुकलेला पैसाही शिकण्यात जातो. पावती मागितल्यावर त्यांनी कधी टाळाटाळ केली नाही, पुडीची मुदत व बॅच क्रमांक दाखवूनच माल दिला, याचाही उल्लेख करतो.

तिसरी वस्तू सीसीसी. ५० टक्के तीव्रतेच्या या द्रावणाचे लिटरला २ मिली घेतले की १,००० पीपीएम होतात. तेच प्रमाण मी घेतले. याचे काम जिबरेलिक आम्लाच्या नेमके उलट आहे: झाडात जिबरेलिन तयार होण्याची वाटच ते अडवते, त्यामुळे पेरे आखूड राहतात. म्हणूनच एकाच झाडावर जीए आणि सीसीसी एकत्र किंवा पाठोपाठ मारण्याचा जो सल्ला अधूनमधून ऐकू येतो, तो मला समजत नाही. एका हाताने दार लोटायचे आणि दुसऱ्या हाताने ओढून धरायचे, असे ते आहे. माझ्या चार ओळींत झाडे दोन फुटांवर थांबली, पाने गर्द हिरवी व जाड झाली, फांद्या चौदापर्यंत गेल्या, परंतु फूल आकाराने किंचित लहान पडले आणि पहिला तोडा ८ ऑक्टोबरला आला. तोललेली ओळ ८१ किलोची. परतीच्या पावसात सर्वांत ताठ उभ्या राहिल्या त्या याच ओळी, हा गुण मान्य करतो. तरीही ज्या झाडाला खुडून आधीच आवरले आहे, त्याला पुन्हा आवरण्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसले नाही. मजूरच मिळत नसल्याने ज्यांना खुडणी शक्य नाही, त्यांनी न खुडलेल्या ओळींवर हे वापरून पाहावे. तो प्रयोग मी केलेला नाही, पुढच्या वर्षी करीन.

फुलाच्या आकाराबद्दल बाजाराचे मतही ऐकण्यासारखे आहे. जीएच्या ओळीतील टपोरी फुले वेगळ्या क्रेटमध्ये भरून मिरजेला नेली, तेव्हा आडत्याने ती हातात घेऊन फिरवून पाहिली, पाकळ्या दाबल्या आणि भाव मात्र तोच लावला. हाराला मध्यम, घट्ट बांध्याचे फूल लागते आणि तोरणाला मोठे चालते. दोन्हींचे पैसे किलोवर मिळतात. त्यामुळे संजीवकाने फूल मोठे झाले यात समाधान आहे, पण जास्त पैसे मिळाले ते फुलांची संख्या वाढली म्हणून, आणि संख्या फांद्यांनी वाढवली. दिवाळीत, १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दोन दिवसांत खुडलेल्या ओळींनी जो तोडा दिला, तो न खुडलेल्या ओळींच्या दीडपट होता. न खुडलेल्या झाडांचा मधला दांडा तोवर थकला होता आणि बाजूच्या फांद्या मुळातच कमी होत्या.

हवामानाची एक सूचना. खुडणी कोरड्या दिवशी, दव उतरल्यावर करावी. कडेच्या एका ओळीची खुडणी संध्याकाळी उशिरा झाली आणि रात्री पाऊस लागला. त्यातील काही झाडांची मोडलेली जागा काळी पडून कूज दोन पेरांपर्यंत खाली उतरली. खुडलेले शेंडेही सरीत न सोडता टोपलीत गोळा करून बांधावर टाकावेत.

यंदाच्या लागवडीसाठी मी दसऱ्याच्या तारखेपासून पंच्याहत्तर दिवस मागे मोजून रोपांची मागणी नोंदवली आहे आणि उंचाळलेले रोप परत घेण्याची अट पावतीवर लिहून घेतली आहे. सगळ्या ओळी खुडायच्या आहेत. पावडरीच्या पाचच पुड्या आणल्या. त्या पश्चिमेच्या ओळींसाठी आहेत, जिथे घेवड्याच्या मांडवामुळे वारा लागत नाही. सीसीसीचा उरलेला डबा बागेच्या खोलीत कुलपात आहे, तो एप्रिलच्या छाटणीनंतर द्राक्षालाच लागेल. मावशींना निरोप धाडला, तेव्हा त्यांनी विचारले की या वेळी शेंडा कितव्या दिवशी मोडायचा; मी पंचविसावा सांगितला आहे.